डोळ्यांचा रोझेशिया आणि तीन महिने डॉक्सी, घेऊ का नको?

मानपाडा_ते_वाशी

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, कंटाळा आला तर सरळ शेवटच्या पॅराला उडी मारा.

मी ४३ वर्षांची, राहते ठाण्यात मानपाड्याला, शिकवते वाशीच्या शाळेत. म्हणजे रोज आधी घोडबंदरची धूळ खायची मग ट्रान्स हार्बर लोकल पकडायची. गेल्या दिवाळीपासून डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय. आधी उजव्या पापणीला रांजणवाडी आली, आई म्हणाली लसूण उगाळून लाव (नका लावू, जाम झोंबतं), ती गेली तर डावीकडे आली, मग परत उजवीकडे, जूनपर्यंत पाच झाल्या. सकाळी उठलं की पापण्या चिकटलेल्या, कडेला कोंड्यासारखं काहीतरी, दिवसभर वाळू गेल्यासारखं खुपत राहतं, आणि गंमत म्हणजे डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत आणि इथे पाणी तर सारखं वाहतंय. सहावीतली पोरं विचारतात टीचर रडताय का.

आधी अ‍ॅलर्जीचे ड्रॉप्स झाले, मग अँटिबायोटिकचे झाले, मग चष्म्याचा नंबर बदलून झाला. गेल्या आठवड्यात तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी डोळे बघायच्या आधी गालांकडे बघून विचारलं, गरम चहा प्यायल्यावर तोंड तापतं का? मी उडालेच. मला वाटत होतं मेनोपॉजचं काहीतरी सुरू झालंय. मी सावळी आहे त्यामुळे लाली अशी कुणाला दिसत नाही, मलाच आतून गरम वाटतं आणि नाकाच्या बाजूला बारीक पुटकुळ्या येतात, त्या मी इतकी वर्षं पिंपल्स म्हणून सोडून दिल्या. तर निदान झालं ऑक्युलर रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल करणारा, पुटकुळ्या आणणारा त्वचेचा आजार, तोच डोळ्यांत उतरलेला.

आता मुद्दा. डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी, अँटिबायोटिकची गोळी) १०० मिग्रॅ रोज एक, सहा आठवडे, नंतर तपासून ५० वर आणायची आणि अजून सहा आठवडे. शिवाय गरम शेक, पापण्या साफ करणं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, खालच्या बाजूला बारीक ठिपके आहेत म्हणाले, लगेच घाबरण्यासारखं नाही पण लक्ष ठेवायला हवं. मी विचारलं गोळी आजच सुरू करायलाच हवी का तर म्हणाले करावी असं माझं मत आहे, पण विचार करून या.

आणि मी विचारच करत बसलेय. सर्दीपडशाला मुलांना उगाच अँटिबायोटिक देऊ नका असं आम्हीच पालकसभेत सांगतो आणि मी स्वतः तीन महिने खाऊ? त्यात मला अ‍ॅसिडिटी आहे, हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पुढच्या महिन्यात श्रावण म्हणजे सोमवार आलेच. कुणी घेतलीय का एवढे दिवस? फरक पडला का? नुसत्या शेकाने भागलं असं कुणी आहे का?

नेरुळचा_रिकामा

ताई, मी घेतलीय. वय ६१, रिटायर्ड, त्यामुळे वेळच वेळ आहे, सविस्तर लिहितो.

माझं उलटं होतं, नाक आणि गाल आधी लाल, लोक समजायचे काका रोज बसतात (मी सोडा पण पीत नाही हो), डोळे नंतर बिघडले. १०० ची रोज एक, एकूण तीन महिने. पहिले तीन आठवडे काहीच नाही, मी वैतागून बंद करणार होतो, पाचव्या आठवड्यात एकदम लक्षात आलं की सकाळी पेपर वाचताना डोळे पुसायला रुमाल शोधला नाही. दोन महिन्यांनी तर मी विसरूनच गेलो की त्रास होता. आणि तीच चूक झाली, गोळी संपली आणि बरं वाटतंय म्हणून शेक पण बंद केला, चार महिन्यांत सगळं परत. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी गोळी दिलीच नाही, म्हणाले आधी महिनाभर शेक मनापासून करून दाखवा. आता दीड वर्ष झालं, शेकावर चाललंय, मध्ये एकदाच १५ दिवस घ्यावी लागली.

एक मात्र कान उघडून ऐका. ही गोळी रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर टाकून आडवं व्हायचं नाही. मी ते केलं होतं. गोळी छातीत कुठेतरी अडकली आणि सकाळी उठलो तर गिळताना असं दुखतंय की मला वाटलं हार्ट अ‍ॅटॅक, मुलाने रात्रीच्या कपड्यांतच कॅज्युअल्टीला नेलं. अन्ननलिका भाजली होती. चार दिवस थंड दूध आणि पातळ पेजेवर काढले, वरणभात पण जात नव्हता. तेव्हापासून नाश्ता करून, पूर्ण ग्लासभर पाणी, आणि मग अर्धा तास पाठ टेकायची नाही. तुम्हाला अ‍ॅसिडिटी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

कडूलिंब

मला कळत नाही लोक लगेच गोळीवर का येतात. ही शुद्ध उष्णता आहे. सब्जा, काकडी, रात्री पायाला तूप, मिसळ-वडापाव बंद, दोन महिन्यांत फरक दिसेल. डॉक्सी म्हणजे तीच ना जी पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोच्या तापासाठी वाटतात? २००५ च्या पुरानंतर आम्ही घेतली होती, पोटाची वाट लागली होती. ती इन्फेक्शनची गोळी आहे, यांना इन्फेक्शन कुठे आहे? आणि तीन महिने खाल्ल्यावर उद्या खरंच गरज पडली आणि गोळी लागूच नाही पडली तर?

चष्म्याच्या_मागून

मी ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे आणि नंबर तपासणारी) आहे, डोळ्यांची डॉक्टर नाही, औषध लिहून देत नाही, पण रोज अशा पापण्या बघते म्हणून लिहितेय. कडूलिंब, तुमचा प्रश्न चुकीचा नाहीये, उत्तर वेगळं आहे एवढंच.

हो, गोळी तीच. पण इथे ती जंतू मारायला देत नाहीत. पापण्यांच्या कडेला आतून तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, मायबोमियन म्हणतात, वरच्या पापणीत साधारण २५-४० आणि खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांचं तेल अश्रूंवर साय धरल्यासारखं पसरतं म्हणून अश्रू उडून जात नाहीत. रोझेशियात ते तेल घट्ट होतं, निरोगी माणसाचं दाबलं की खोबरेल तेलासारखं येतं, यांचं ट्यूबमधल्या टूथपेस्टसारखं. तेल नाही म्हणून अश्रू सुकतात, सुकले की डोळा चिडतो आणि चिडून पाणी सोडतो, म्हणून ताई कोरडे डोळे आणि वाहणारं पाणी दोन्ही एकाच वेळी. ग्रंथी तुंबली की गाठ, ती तुमची रांजणवाडी.

डॉक्सी दोन कामं करते. पापणीवरचे जंतू जे एन्झाइम सोडून तेल बिघडवतात ते कमी होतं, आणि त्याहून महत्त्वाचं, सूज कमी करते, कॉर्निया पोखरणारी जी द्रव्यं असतात त्यांना आवर घालते. जंतू मारण्याशी याचा संबंध इतका कमी आहे की चेहऱ्याच्या रोझेशियासाठी अमेरिकेत २००६ पासून ४० मिग्रॅची हळू विरघळणारी कॅप्सूल मान्य आहे आणि त्या डोसला ती अँटिबायोटिक म्हणून कामच करत नाही. १०० ला मात्र करते, म्हणजे रेझिस्टन्सची (जंतूंवर पुढे गोळी लागू न पडण्याची) काळजी १०० ला रास्त आहे, आणि म्हणूनच डॉक्टर सहा आठवड्यांनी डोस खाली आणतायत. ४० वाली चालेल का हे त्यांना विचारून बघा. मोठा डोस की छोटा यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत नाहीये.

लोहाचं. लोह, कॅल्शियम, जेल्युसिलसारखं अँटासिड, झिंक, हे सगळं डॉक्सीला पोटातच धरून ठेवतं, गोळी खाल्ली काय न खाल्ली काय. डॉक्सी नाश्त्यानंतर घेतली तर लोह संध्याकाळी. दोघांत तासाभराचं अंतर नाही चालत, चांगलं लांब ठेवा. उपासाच्या दिवशी पण रिकाम्या पोटी नाही, खिचडी खाऊन घ्या, नाहीतर मळमळून वर्गातून बाहेर पळायची वेळ येईल.

आणि ऊन. या गोळीवर त्वचा लवकर भाजते, रोझेशियाला तसंही ऊन चालत नाही. पावसाळ्यात निदान तेवढं सोपं आहे, आत्ता सुरू केली तर ऑक्टोबर हीटच्या आसपास संपते, हा पण एक हिशोब आहे.

नेरुळचा_रिकामा

खोबरेल आणि टूथपेस्ट. आता सकाळी ब्रश करताना दुसरं काही आठवणार नाही.

कडूलिंब

बरं मग मला सांगा, सूज कमी करायची तर सूज कमी करणारी दुसरी औषधं नाहीत का? अँटिबायोटिकच का?

चष्म्याच्या_मागून

आहेत की. सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स आहेत, सुरुवातीला झोंबतात आणि फरक दिसायला महिने लागतात. स्टेरॉइड ड्रॉप्स एक-दोन आठवडे देतात, लवकर थंडावतं, पण जास्त दिवस घातले तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच. अ‍ॅझिथ्रोमायसिनचे ड्रॉप्स आहेत, पापणीवर बरे लागू पडतात. अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी पण देतात, दिवस कमी लागतात, पण ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची काही भानगड आहे त्यांना ती नको. डॉक्सी नको असेल तर रस्ता बंद नाहीये. फुकट रस्ता मात्र एकही नाही. आणि सब्जाला माझा विरोध नाही हो, तिखट आणि गरम पदार्थांनी चेहरा तापतो हे खरंच आहे, पण काकडी खाऊन तुंबलेली ग्रंथी उघडत नाही.

पावडर_डबी

थोडं विषयाला सोडून आहे पण ताईंनी पिंपल्स म्हणून सोडून दिलं लिहिलंय म्हणून विचारते, चेहऱ्याला कुठलं क्रीम लावता का? मी लग्नाच्या आधी पार्लरवालीच्या सांगण्यावरून गोरं होण्याचं एक क्रीम लावत होते, केमिस्ट पण चॉकलेट द्यावं तसं द्यायचा, तीन वर्षं लावलं. त्यात स्टेरॉइड होतं. लावलं की चेहरा तुकतुकीत, दोन दिवस नाही लावलं की लालबुंद आणि पुटकुळ्या, म्हणून परत लावायचं. शेवटी स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या हा स्टेरॉइडने झालेला रोझेशिया आहे. सोडताना दोन महिने घराबाहेर पडले नव्हते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण तुम्ही कधी मागून बघा कुठल्याही गल्लीत.

मला पण डॉक्सीच दिली होती, दोन महिने, चेहरा छान झाला पण बायकांचं जे इन्फेक्शन होतं ना, खाज वगैरे, ते झालं, एका गोळीने गेलं. कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आणि दिवस जाण्याची शक्यता असेल तर ही गोळी चालत नाही.

मानपाडा_ते_वाशी

बापरे, एवढी उत्तरं. क्रीम नाही हो लावत, बोरोप्लसच्या पुढे आमची मजल नाही. दिवस जाण्याचा प्रश्न मिटलेला आहे, दोन घोडे आहेत घरी.

खरं सांगू का, तुमचं वाचून लाज वाटली. शेक करते करते म्हणून डॉक्टरांना सांगितलं पण माझा शेक म्हणजे आंघोळीच्या आधी टॉवेल गिझरच्या पाण्यात बुडवून एक मिनिट डोळ्यावर, तो पण अर्धा गार झालेला. मग मी विचार करतेय की आधी महिनाभर तो नीट करून बघावा का? का ठिपके आहेत म्हणून थांबू नये?

रात्रपाळी

यावर मी बोललंच पाहिजे. मी महापेला नाइट शिफ्ट करायचो, वय ३४, रात्रभर एसी आणि दोन स्क्रीन. डोळे लाल म्हणजे जागरण असंच धरून चाललो होतो. मला पण डॉक्सी लिहून दिली होती, मी पण नेटवर वाचून घाबरलो आणि नाही घेतली, शेक पण नाही केला, म्हणजे दोन्ही नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी ऐरोलीला उतरलो आणि उन्हात डावा डोळा उघडेचना. कॉर्नियाच्या कडेला जखम झाली होती आणि तिच्या दिशेने रक्तवाहिन्या आत शिरल्या होत्या. मग डॉक्सी तर घ्यावी लागलीच, वर तासातासाला ड्रॉप्स, महिनाभर बिनपगारी रजा. आता त्या डोळ्यात एक पुसट डाग आहे, मधोमध नाही म्हणून गाडी चालवू शकतो. समोरून हेडलाइट आला की त्याचा उजेड फुटून पसरतो.

घाबरवत नाहीये. ताईंचं माझ्यासारखं होईलच असं काही नाही, बहुतेकांचं पापणीवरच थांबतं असं मला डॉक्टरांनी सांगितलं. पण थांबायचं असेल तर तारीख ठरवून थांबा, चार-पाच आठवडे, आणि त्या तारखेला डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) परत ठिपके बघून घ्या. उजेड सहन होईना, दुखायला लागलं किंवा दिसायला धूसर झालं आणि पापण्या मिचकावून पण जाईना, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. आणि केमिस्टकडून लाल डोळ्याचे ड्रॉप्स स्वतःच्या मनाने आणू नका, मी तेही उद्योग केले होते.

चष्म्याच्या_मागून

रात्रपाळींना अनुमोदन. डॉक्टरांना फोन करून हेच विचारा ताई, ठिपके किती आणि कुठे आहेत ते त्यांनी बघितलंय, आम्ही नाही.

शेक नीट म्हणजे काय ते लिहिते. जुन्या सुती मोज्यात तांदूळ भरून गाठ मारा, मायक्रोवेव्हमध्ये २०-२५ सेकंद, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सहन होईल इतकंच गरम. मिटलेल्या पापण्यांवर दहा मिनिटं, गार झालं की परत गरम करायचं. टॉवेल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून बहुतेकांचा शेक फुकट जातो. मग लगेच बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने, बुबुळावर दाबायचं नाही. मग कडा पुसायच्या. दिवसातून दोनदा. चेहऱ्याला गरम लागलं की लाली वाढते म्हणून मोजा छोटा घ्या, फक्त डोळ्यांपुरता.

मानपाडा_ते_वाशी
(साधारण सात आठवड्यांनी)

कुणी विचारलं नाही तरी सांगायला आलेय.

डॉक्टरांना फोन केला होता. रागावले नाहीत. म्हणाले ठिपके थोडेच आहेत, महिनाभर द्यायला हरकत नाही, पण मग शेक रोज दोनदा आणि रात्री पापणीला अ‍ॅझिथ्रोमायसिन, आणि दुखलं तर लगेच. केलं. मिस्टरांच्या मोज्याचा बळी गेला, सासूबाई विचारतात रोज सकाळी तांदूळ भाजते आणि भात कुठे आहे. एक दिवस चुकला, गटारीच्या दिवशी, पाहुणे होते.

पाच आठवड्यांत एकही रांजणवाडी नाही! पापण्या चिकटणं पण बंद. मी इतकी खूश होऊन गेले की डॉक्टरांकडे पेढे घेऊन जायची बाकी होते. त्यांनी हिरवट-पिवळा रंग घालून निळ्या दिव्यात बघितलं आणि म्हणाले पापण्या सुंदर, तेल येतंय, पण ठिपके कमी झालेले नाहीत, उजवीकडे दोन-चार वाढलेत. मला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. म्हणजे मी घरी बसून बरं वाटतंय म्हणून ठरवलं असतं तर गोळीची गरज नाही असंच ठरवलं असतं.

तर सुरू केली. चाळीसवाली मागितली होती, म्हणाले चेहऱ्यापुरतं असतं तर तीच दिली असती, पण कॉर्नियाचं दिसतंय तर आधी सहा आठवडे १०० च, मग कमी. पित्ताची गोळी कधी घ्यायची, लोह कधी, सगळं कागदावर लिहून घेतलं. डोकं सतत दुखलं आणि दिसण्यात फरक वाटला तर गोळी बंद करून फोन करायचा हे पण सांगितलं, डोक्यात प्रेशर वाढण्याचा एक दुर्मिळ प्रकार असतो म्हणे. आणि पुढे कधी स्किनवाल्यांनी पिंपल्सची आयसोट्रेटिनॉइन दिली तर दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत.

आज अकरावा दिवस. पहिले तीन दिवस मळमळ, आता नाही. डॉक्सी सकाळी पोळीभाजीबरोबर ६:१५ ला, लोह रात्री. गोळीनंतर अर्धा तास पाठ टेकायची नाही हा प्रश्नच नाही, ६:५० च्या बसमध्ये बसायलाही मिळत नाही. फक्त महिना वाया घालवला म्हणून ऑक्टोबर हीट आता बरोबर मधोमध येतेय, ठाणे स्टेशनच्या पुलावर छत्री उघडून चालले की लोक बघतात, पाऊस तर नाहीये.

कडूलिंब

लवकर बरं वाटो. ते तांदळाच्या मोज्याचं आईसाठी करतोय, तिच्या पण पापण्या चिकटतात, वय ७०. तांदूळ किती दिवसांनी बदलायचे?

मानपाडा_ते_वाशी

जळका वास यायला लागला की. माझे साधारण तीन आठवडे चालतात. रेशनचा जाड तांदूळ घ्या, आंबेमोहोर वापरलात तर सगळ्या घराला भूक लागते. आणि आईंना आधी एकदा दाखवून घ्या, त्यांचं रोझेशियाच असेल असं नाही.